स्लो ट्विच, फास्ट ट्विच आणि वारंवार मुरगळणारा घोटा

मी काय समजून उत्तर देतेय ते स्पष्ट राहावं म्हणून तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वय ३४, आठवड्यातून तीनचार दिवस धावता, दोन दिवस जिम. नव्या ट्रेनरने लेग प्रेसवर तुमच्या कमाल वजनाच्या ८० टक्के वजन लावलं आणि पाय हलेनासे होईपर्यंत रेप्स (त्याच हालचालीच्या आवृत्त्या) करून घेतले. आकडा अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. त्यावरून त्याने निकाल दिला की तुम्ही ‘स्लो ट्विच’ आहात, म्हणजे तुमच्या स्नायूंत सावकाश आखडणारे तंतूच जास्त, जड वजन उचलून तुम्हाला फायदा नाही, हलक्या वजनावर भरपूर रेप्स मारा. उजवा घोटा दीड वर्षात तीनदा मुरगळलाय, कारण काय तर ‘रिसेप्टर’, म्हणजे ताण आणि स्थिती टिपणारे संवेदक, ‘झोपलेत’. मांडीमागचे स्नायू ताठ वाटतात, कारण ‘स्पिंडल’ (स्नायूची लांबी टिपणारे संवेदक) ‘ओव्हरॲक्टिव्ह’ आहेत. उपाय म्हणून टेंडनवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) अंगठा दाबून ‘गॉल्जी (तिथला ताण मोजणारा संवेदक) चालू करून स्नायू बंद करायचा’. आता बायॉप्सी करून तंतूंचं प्रमाण मोजून घ्यावं का, ते बदलता येतं का आणि रिसेप्टर जागे कसे करायचे, असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते यात खरे प्रश्न दोनच आहेत. जड वजन सोडायचं का, आणि घोटा पुन्हा मुरगळू नये म्हणून काय करायचं. दोन्हींची उत्तरं बायॉप्सीवाचून देता येतात. पहिल्याचं उत्तर ठामपणे देते: सोडू नका. दुसऱ्याचं उत्तर घोटा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पूर्ण देता येणार नाही. ते कशाकशावर अवलंबून आहे ते पुढे सांगते.

आधी तंतू. माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात: टाइप १, टाइप २ए आणि टाइप २एक्स. फरक मुख्यतः मायोसिन या प्रथिनाच्या जातीचा. टाइप १ मधलं मायोसिन सावकाश काम करतं, ऊर्जा जपून वापरतं, आणि त्या तंतूंत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) आणि केशवाहिन्या भरपूर असल्यामुळे ते तासन्‌तास दमत नाहीत. २एक्स सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत लवकर दमणारे. २ए मधले: वेगवान, तरी बऱ्यापैकी टिकाऊ. जुन्या पुस्तकांत ‘२बी’ नावाचा प्रकार दिसेल. माणसाच्या हातापायांत ज्यांना २बी म्हणत ते तंतू प्रत्यक्षात २एक्स निघाले, खरे २बी उंदरांत आणि घुशींत असतात. शिवाय बरेच तंतू मिश्र असतात, एकाच तंतूत दोन जातींचं मायोसिन. तेव्हा ‘स्लो की फास्ट’ ही दोन खणांची वाटणीच मुळात ओबडधोबड आहे.

त्याहून मोठी अडचण ‘तुम्ही स्लो ट्विच आहात’ या वाक्यातल्या ‘तुम्ही’ची. तंतूंचं प्रमाण स्नायूगणिक बदलतं. पोटरीवर हात ठेवून पाहा. वरून गोल फुगलेला दिसतो तो गॅस्ट्रोक्नेमियस, आणि त्याच्याखाली चपटा पसरलेला सोलियस. दोघे एकाच अकिलिस टेंडनला जोडलेले, दोघांचं काम टाच उचलण्याचं. तरी सोलियसमध्ये बहुतेकांचे तीनचतुर्थांशाहून अधिक तंतू टाइप १ असतात, कारण तुम्ही नुसते उभे असता तेव्हाही तो काम करत असतो. गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास. दंडामागचा ट्रायसेप्स त्याहून वेगवान, आणि पापणी मिटणारा स्नायू तर जवळजवळ पूर्ण वेगवान तंतूंचा. एकाच माणसाचे हे सगळे स्नायू. मग लेग प्रेसच्या एका चाचणीवरून अख्ख्या माणसाला एक लेबल कसं लावायचं?

ती चाचणीही बघू. ८० टक्क्यांवर किती रेप्स निघतात हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. ज्या ‘कमाल वजना’चे ८० टक्के धरले ते खरोखर कमाल होतं का? जड वजनाची सवय नसलेला माणूस पहिल्या प्रयत्नात आपलं खरं कमाल सहसा गाठत नाही, आणि मग ज्याला आपण ८० टक्के म्हणतो ते प्रत्यक्षात ७० असू शकतं. नियमित धावणाऱ्यांच्या पायांत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढलेले असतात, त्यामुळे तंतूंचं प्रमाण तेच असूनही रेप्स जास्त निघतात. आणि शेवटचा भाग सहन करण्याचा. स्नायूत बारीक चेतातंतूंची मोकळी टोकं पसरलेली असतात, त्यांना ग्रुप ३ आणि ग्रुप ४ म्हणतात. काम वाढलं की साचणारी रसायनं आणि दाब त्यांना कळतो. तेच श्वास वाढवतात, रक्तदाब चढवतात आणि जळजळ जाणवून देतात. ‘आता बस’ हा निर्णय बऱ्याच अंशी त्यांचं ऐकून घेतलेला असतो. लांब पल्ल्याच्या धावण्याची सवय असलेल्याला ही जळजळ ओळखीची झालेली असते. तो चार रेप्स जास्त काढतो. त्या आकड्यातून तंतूंचं प्रमाण वेगळं काढायला काही मार्ग नाही.

मग बायॉप्सी? संशोधनात ती होते. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूतून, म्हणजे व्हॅस्टस लॅटरॅलिसमधून, जाड सुईने शंभरेक मिलिग्रॅमचा तुकडा काढतात. १९६२ मध्ये बर्गस्ट्रॉम यांनी ही सुई पुन्हा वापरात आणली आणि व्यायामशास्त्राला मोठी चालना मिळाली. पण त्या स्नायूत लाखो तंतू असतात, आणि वरच्या थरातलं प्रमाण खोल थरासारखं नसतं. त्याच स्नायूतून इंचभर बाजूला दुसरा तुकडा घेतला तर टक्केवारी बदलू शकते. सिमोनो आणि बुशार्ड यांनी १९९५ मध्ये माणसामाणसांत दिसणाऱ्या टाइप १ च्या फरकाची वाटणी मांडली. सुमारे ४५ टक्के वारसा, ४० टक्के परिस्थिती आणि १५ टक्के निव्वळ नमुना घेण्यातली आणि मोजण्यातली तफावत. ज्या मापात एवढी तफावत आहे आणि ज्याने तुमचा व्यायाम काही बदलणार नाही, त्यासाठी मांडीत सुई खुपसून घेऊ नका. लाळेच्या नमुन्यावरून एसीटीएन३ जनुक तपासून ‘स्प्रिंटर की मॅरेथॉनर’ सांगणारे अहवालही तसेच. एकेका माणसाचा व्यायाम ठरवायला त्यांचा उपयोग नाही.

प्रमाण बदलतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्याचं उत्तर बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. सगळ्यांत वेगवान २एक्स तंतू जास्त कोणाकडे असतात? जो फारसा व्यायाम करत नाही त्याच्याकडे. धावणं असो की वजन, स्नायू नियमित वापरला की काही आठवड्यांत २एक्स तंतू २ए कडे सरकायला लागतात. व्यायाम सोडला की २एक्स परत वाढतात. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय निकामी झालेल्या माणसाच्या पायांत काळ जाईल तसे टाइप १ तंतू कमी होत जातात आणि वेगवान तंतू वरचढ होतात. याचा अर्थ ‘फास्ट’ होणं ही आपोआप कमावलेली पदवी नाही. न वापरलेला स्नायूही त्या दिशेने जातो. टाइप १ चे २ए किंवा उलट, असा मोठा बदल नेहमीच्या व्यायामाने सहसा दिसत नाही. पण तंतूंचा आकार, त्यांची ताकद आणि दमण्याचा वेग हे सगळं बदलतं. मैदानावर उपयोगी पडतं ते हेच.

तंतूची जात ठरवतं कोण? १९६० मध्ये बुलर, एकल्स आणि एकल्स यांनी मांजरांवर केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना अजून सांगते. सावकाश स्नायूची नर्व्ह आणि वेगवान स्नायूची नर्व्ह कापून त्यांची अदलाबदल करून जोडली. काही काळाने सावकाश स्नायू वेगवान झाला, वेगवान स्नायू मंदावला. नर्व्ह कोणत्या लयीत संदेश पाठवते त्यानुसार तंतू आपलं रूप बदलत होता. तंतू एकटा कधीच नसतो. मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीखालचे सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं, आणि एका युनिटमधले तंतू साधारण एकाच जातीचे असतात. डोळ्याच्या स्नायूत एका युनिटमध्ये दहापंधरा तंतू, पोटरीत हजाराच्या वर.

इथे ट्रेनरचा निष्कर्ष का उलटा आहे ते कळतं. एलवुड हेनेमन यांनी १९५७ मध्ये दाखवलं की युनिट्स ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात: लहान चेतापेशी आधी, मोठी नंतर. लहानांच्या ताब्यात बहुतेक टाइप १ तंतू, मोठ्यांच्या ताब्यात टाइप २. तुम्ही आरामात धावता तेव्हा काम मुख्यतः लहान युनिट्स उरकतात. मोठ्या युनिट्सना बोलावणं जातं ते तीन प्रसंगी: वजन जड असेल तर, हालचाल झपाट्याने करायची असेल तर, किंवा हलक्याच कामाने आधीची युनिट्स दमून गेली तर. समजा तुमच्या मांडीत खरोखरच टाइप २ तंतू कमी आहेत. मग आठवडाभर धावताना जे तंतू बसून राहतात त्यांना काम देणारे दोनच दिवस तुम्ही रद्द करणार? वय वाढतं तसे सर्वांत जास्त बारीक होतात ते टाइप २ तंतूच, आणि अडखळल्यावर पाय झटकन पुढे टाकायला तेच लागतात. चौतिसाव्या वर्षी त्यांना सांभाळायला सुरुवात करणं लवकर मुळीच नाही.

हलक्या वजनावर जास्त रेप्स करून चालत नाही असं नाही. थकव्याच्या काठापर्यंत नेलंत तर मोठी युनिट्स तिथेही येतात आणि स्नायू वाढतो. पण तुम्ही धावताय. पायांना तो लांबलचक थकवा आठवडाभर मिळतोच आहे. धावणाऱ्यांना जड वजनाचा फायदा होतो, तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन कमी लागतो, हे पुरेसं दिसून आलेलं आहे. म्हणून माझा सल्ला: आठवड्यातले दोन दिवस तसेच ठेवा, चारपाच रेप्स नीट निघतील आणि आणखी एकदोन निघाले असते असं वाटेल इतकं वजन, तीनचार सेट, मध्ये दोनतीन मिनिटं पूर्ण विश्रांती. वर ढकलताना ‘झटक्यात’ ढकलायचा इरादा ठेवा, भले वजनामुळे ते सावकाश सरको. वेगाचा इरादा असला की मोठी युनिट्स लवकर बोलावली जातात. पोटरीसाठी टाच उचलणं गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारे. वाकलेल्या गुडघ्यात गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि भार सोलियसवर येतो. गुडघा किंवा कंबर दुखत असेल, किंवा पुढच्या दोन आठवड्यांत शर्यत असेल, तर हा हिशेब बदलतो. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

इथवरचं एका दमात: प्रमाण मोजायची गरज नाही, त्या चाचणीने ते मोजलं जात नाही, आणि मोजून ‘स्लो’ निघालं तरी जड वजन सोडायचं कारण सापडत नाही. आता रिसेप्टरकडे वळू. तिथे तुमच्या ट्रेनरची भाषा मला जास्त खटकली, कारण घोटा तीनदा मुरगळणं ही रेप्सच्या आकड्याहून गंभीर गोष्ट आहे.

स्पिंडल म्हणजे स्नायूच्या आत, तंतूंना समांतर पडलेली, काही मिलिमीटर लांबीची बारीक चातीसारखी पिशवी. तिच्यात स्वतःचे चिमुकले तंतू असतात आणि त्यांच्या मधल्या भागाला संवेदी नर्व्हचं टोक वेटोळं घालून बसलेलं असतं. स्नायू ताणला की वेटोळं ताणतं आणि संदेश निघतो. एक जाड तंतू, ज्याला ग्रुप १ए म्हणतात, लांबी किती आणि ती किती वेगाने बदलतेय हे दोन्ही सांगतो. दुसरा, ग्रुप २, मुख्यतः लांबी. १ए हा शरीरातल्या सर्वांत वेगवान तारांपैकी, सेकंदाला ६० मीटरहून अधिक. वर सांगितलेले जळजळीचे ग्रुप ४ सेकंदाला मीटर-दोन मीटर. म्हणून पाय वाकडा पडलेला आधी कळतो आणि ठणका मागून येतो.

पण स्नायू आखडला, तोकडा झाला, की स्पिंडल ढिला पडून मुका व्हायला हवा, सैल सोडलेली तार वाजत नाही तसा. तो होत नाही, कारण मज्जारज्जू स्पिंडलच्या आतल्या तंतूंनाही वेगळ्या, गॅमा नावाच्या चेतापेशींमार्फत आखडायला लावतो आणि त्याला तयारीत ठेवतो. स्वीडनमध्ये हागबार्थ आणि वालबो यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जाग्या माणसाच्या नर्व्हमध्ये केसासारखी सुई घालून हे संदेश प्रत्यक्ष टिपले. माणूस आपणहून स्नायू आखडतो तेव्हा मुख्य स्नायू आणि स्पिंडल दोघांना हुकूम बरोबरीने जातो. म्हणजे स्पिंडलची संवेदनशीलता मेंदू आणि मज्जारज्जू क्षणोक्षणी बदलत असतात. त्याला ‘झोपलाय’ किंवा ‘अतिउत्साही आहे’ असा कायमचा स्वभाव नसतो.

स्पिंडल काय करतो हे दाखवायला मी एक साधी गोष्ट करते. माणसाला डोळे मिटायला सांगते, कोपर टेबलावर टेकवून हात सैल सोडायला सांगते, आणि दंडाच्या पुढच्या बाजूला कोपराजवळ बायसेप्सच्या टेंडनवर सेकंदाला शंभरेक कंपनं देणारं व्हायब्रेटर धरते. हात जागचा हलत नाही. तरी थोड्या वेळात तो सांगतो की हात सरळ होतोय. दुसऱ्या हाताने ती हालचाल दाखव म्हटलं तर दुसरा हात खरोखर उलगडत नेतो. कंपनाने स्पिंडलला ‘स्नायू लांब होतोय’ असं वाटतं आणि मेंदू त्यावर विश्वास ठेवतो. डोळे उघडले की चेहरा बघण्यासारखा होतो. १९७२ मध्ये गुडविन, मक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी हाच परिणाम नीट मांडला. त्यामुळे हातपाय कुठे आहेत याची जाणीव फक्त सांध्यातून येते हा त्या काळचा समज मागे पडला.

रिसेप्टर खरोखर काम करत नसतील तर काय होतं तेही माहीत आहे. पिझो२ नावाचं प्रथिन ताण ओळखतं. ज्या शास्त्रज्ञाने पिझो प्रथिनं शोधली त्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. जन्मतः पिझो२ नसलेली माणसं डोळे मिटून चालायला गेली की अडखळून पडतात, आपलाच हात कुठे आहे ते न पाहता सांगू शकत नाहीत. तुम्ही आठवड्याला तीनचार दिवस धावताय. तुमचे रिसेप्टर झोपलेले नाहीत.

गॉल्जी टेंडन ऑर्गनची गोष्ट थोडक्यात. स्नायू जिथे टेंडनला मिळतो तिथे, साधारण दहावीस तंतूंच्या शेवटाशी, हे बसलेलं असतं, आणि ते स्नायूतला ताण मोजतं. ‘ताण धोक्याच्या वर गेला की स्नायू बंद करणारा फ्यूज’ असं ते वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. प्रत्यक्षात एका मोटर युनिटच्या आकुंचनानेही ते बोलायला लागतं, म्हणजे अगदी हलक्या जोरालाही. बाहेरून दिलेल्या ताणाला मात्र त्यामानाने कमी दाद देतं. आणि चालताना त्याचा संदेश भार पेलणाऱ्या पायाच्या स्नायूंना आणखी जोर देतो, बंद करत नाही. तेव्हा अंगठ्याने टेंडन दाबून ‘गॉल्जी चालू’ झालं आणि म्हणून स्नायू सुटला, या स्पष्टीकरणात दम नाही. दाबल्यावर बरं वाटतं हे खरं आहे. बरं वाटत असेल तर दाबा, पण त्यावर उपचार झाला असं समजून पुढचं टाळू नका.

मांडीमागचा ताठपणाही असाच. स्वस्थ झोपलेल्या निरोगी माणसाचा पाय सावकाश वर उचलत नेला आणि हॅमस्ट्रिंगवर इलेक्ट्रोड लावले, तर ताण वाटत असतानाही स्नायू विद्युतदृष्ट्या जवळजवळ शांत असतो. तो प्रतिकार करत नसतो. ताण सहन होण्याची हद्द आलेली असते. रोज स्ट्रेचिंग करून जो फरक पडतो त्यातला मोठा भाग ही हद्द पुढे सरकल्याचा. स्पिंडलचा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) खरोखर बेफाम होतो तो पक्षाघातासारख्या मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या आजारात, आणि तो ताठपणा तपासताना हाताला वेगळाच लागतो. तुमच्यासाठी स्ट्रेचिंगपेक्षा मी हॅमस्ट्रिंग लांबवत लांबवत वजन पेलणारे व्यायाम निवडेन, सरळ पायांचा डेडलिफ्ट वगैरे. ताठपणासोबत कळ पोटरीपर्यंत किंवा पावलात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र प्रश्न नर्व्हचा असू शकतो. मग ताणू नका, आधी दाखवा.

आता घोटा. ‘रिसेप्टर जागे केले की घोटा वेळेत सावरेल’ ही कल्पना आकड्यांपुढे टिकत नाही. प्रयोगात माणसाला झडपेच्या दारावर उभं करून एकदम पाऊल आत वळेल असं दार पाडतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारे पेरोनियल स्नायू, जे पाऊल परत सरळ करतात, त्यांत पहिली विद्युत हालचाल दिसायला साधारण ६० ते ८० मिलिसेकंद जातात. त्यानंतर प्रत्यक्ष जोर तयार व्हायला आणखी वेळ लागतो. घोटा मुरगळण्याचा सगळा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतो. निरोगी, अगदी जाग्या रिसेप्टरच्या माणसाचाही प्रतिक्षेप उशिराच पोचतो.

मग घोटा वाचतो कशामुळे? पाऊल टेकण्याआधीच्या तयारीमुळे. पाय हवेत असतानाच पेरोनियल स्नायू आखडलेले असतात, पाऊल किंचित बाहेर वळलेलं असतं, टेकल्यावर कुठे भार येणार याचा अंदाज बांधलेला असतो. हा अंदाज स्पिंडल, पायाच्या तळव्याची त्वचा आणि सांधा या तिघांच्या मागच्या हजारो पावलांच्या माहितीवर बांधला जातो. एकदा अस्थिबंध (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) ताणला की ही माहिती थोडी गढूळ होते, पेरोनियलची ताकद कमी होते, सांधा थोडा सैल राहतो, आणि पुढच्या वेळचा अंदाज चुकायची शक्यता वाढते. म्हणूनच आधी मुरगळलेला घोटाच पुन्हा मुरगळतो.

तोल सांभाळायचे व्यायाम कामाला येतात ते यासाठी. ते रिफ्लेक्स झटपट करतात म्हणून नव्हे. आधी मुरगळलेल्यांमध्ये काही आठवडे सातत्याने केलेल्या तोलाच्या व्यायामाने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हा पुरावा चांगला आहे. करून बघा: भिंतीजवळ अनवाणी, उजव्या पायावर, गुडघा थोडा सैल, अर्धा मिनिट. पावलाकडे बघा. घोट्याच्या दोन्ही बाजूंचे टेंडन त्वचेखाली सारखे उठत-बसत असतात. ते चालू असणं चांगलं. मग डोळे मिटून तेच. दोन पायांत फरक किती पडतो ते लक्षात ठेवा, कारण पुढे प्रगती त्यावरच मोजायची. डोळे मिटून अर्धा मिनिट जमलं की मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवत, मग मऊ गादीवर, मग एका पायावर उडी मारून स्थिर उतरणं, मग बाजूला उडी. उडी मारून उतरणं हे मुख्य. नुसतं फळीवर उभं राहण्यात बरेच जण अडकून पडतात. सोबत रबर बँड बाहेरच्या बाजूने पावलाला लावून पाऊल बाहेर खेचणं, पेरोनियल खरोखर थकेल इतकं. आणि निदान या काळात धावताना घोट्याचा ब्रेस किंवा टेप वापरा. त्याने घोटा ‘आळशी’ होतो ही भीती निराधार आहे.

एक बारकावा धावणाऱ्यांच्या उपयोगाचा. उतारावरून लांब पळाल्यावर, म्हणजे स्नायू लांबत असताना जोर लावल्यावर, पुढचे काही दिवस पाय नेमका किती वाकलाय आणि किती जोर लागतोय याचा अंदाज चुकतो. हे मोजून दिसलेलं आहे. पाय ठणकत असताना खडबडीत वाटेवर वेगाने धावू नका. त्या दिवशी सपाट रस्ता घ्या. तुमचे तीनही प्रसंग थकल्या पायांचे होते का ते आठवून पाहा.

घोटा पाहिल्याशिवाय सांगता न येणारं ते हे: अस्थिबंध नुसता ताणलाय की तुटलाय, घोट्यातली कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) किंवा तिच्याखालचं हाड दुखावलंय का, सांधा खरोखर सैल आहे की नुसता सैल वाटतोय. पुन्हा मुरगळला आणि लगेच चार पावलंही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, किंवा करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या बुंध्याशी बोट दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे हवा. ऑटावा नियम म्हणून ओळखले जाणारे हे निकष १९९२ पासून वापरात आहेत. आणि न मुरगळताही घोटा चालताना ‘सुटतो’ असं वाटत असेल, किंवा आत खोल दुखणं जात नसेल, तर व्यायाम चालू ठेवूनही ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं दहाबारा आठवडे करा. ट्रेनर बदलायची गरज नाही. वरचा कार्यक्रम त्याला दाखवा, बहुतेक तो तयार होईल. मला पुढचं सांगायला तीन गोष्टी लागतील: तीन वेळा घोटा नेमका कसा आणि कशावर मुरगळला, शेवटच्या वेळी सूज किती दिवस राहिली, आणि डोळे मिटून एका पायावर उजवीकडे किती सेकंद, डावीकडे किती.